अण्णांनी घेतलेलं चाकाचं माप

आमच्या घरात नुसत्या बोलण्याला किंमत नव्हती. दूधवाला म्हणाला आज दूध दाट आहे, तर आई बोट बुडवून बघायची. मामा म्हणाले पोरगा उंच झाला, तर अण्णा गळ्यातला टेप काढून मला भिंतीला टेकवून उभा करायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. सरस्वतीपुरमच्या मागच्या गल्लीत पुढं दुकान, मागं घर, अशी आमची जागा. आम्ही शिंपी. घरात मराठी, देव्हाऱ्यात विठोबा, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की कन्नड. आजोबांच्याही आधीपासून आम्ही म्हैसूरचे. त्यामुळं पुण्याकडून अलीकडं आलेल्या लोकांना आमची मराठी ऐकून हसू येतं. येऊ दे. मी शाळेत मराठी शिकलोच नाही, आणि कन्नड शाळा सातवीत सोडली. अक्षर शिकलो ते भजनाच्या पुस्तकावरून. आता सून म्हणते, मामा, लिहून काढा, म्हणून लिहितोय. चुका दिसल्या तर वाचणाऱ्यानं मनात सुधारून घ्याव्यात, मला दाखवायला येऊ नये.

सकाळी डोळे उघडायच्या आत कानावर मशीन पडायचं. अण्णांचं मशीन सगळ्यांत जुनं. त्याला कुणी हात लावायचा नाही, तेलसुद्धा तेच घालायचे. गावातल्या बँडवाल्यांचे कोट आमच्याकडं यायचे, लाल कापडाचे, खांद्यावर सोनेरी झालर असलेले. बँडवाला म्हणजे फुगून वाजवणारा माणूस, त्याचा कोट साध्या मापानं शिवला तर पहिल्याच वरातीत बटण उडतं. म्हणून अण्णा छातीचं माप घेताना टेपच्या आत आपली चार बोटं घालायचे आणि म्हणायचे, "फुंका." गिऱ्हाईक फुंकायचं, मग अण्णा आकडा बोलायचे. त्यांचा कोट घालून माणूस दिवसभर वाजवू शकतो, अशी त्यांची ख्याती होती. ती खोटी नव्हती. हट्टी होते, पण हात सोन्याचा. गिऱ्हाईकं त्यांना मेष्ट्रे म्हणायची, म्हणजे मास्तर.

मी त्याच घरातला. बाही बसवायला मला चौदाव्या-पंधराव्या वर्षी यायला लागलं आणि त्याच वर्षी कळलं की यात माझा जीव नाही. माझा जीव इंजिनात होता. आमच्याच गावच्या कारखान्यात तेव्हा मोटारसायकली बनायच्या, दोन सायलेन्सरच्या, लांबून ओळखू येणाऱ्या. गल्लीतल्या एकाची अशी गाडी झाडावर आपटून वाकली होती. त्याच्या घरच्या लग्नाचे सगळे कोट मी शिवून दिले आणि ती गाडी घेतली. सरळ केली, इंजिन खोललं. मग भंगारातून तसलाच दुसरा सिलिंडर मिळवला आणि मागच्या अंगणात बसून, धूर बाहेर जायचं भोक कानशीनं घासून वर नेलं. कुणी शिकवलं नाही. धूर लवकर बाहेर पडला तर नवी हवा लवकर आत येईल, एवढं मला समजत होतं. आई अंगणात अवरेच्या, म्हणजे वालासारख्या, शेंगा सोलायची. थंडीत आमच्याकडं ते रोजचं काम, भिजवलेले दाणे बोटांनी दाबून सालीतून उडवायचे. तिच्या टोपलीत दाणे पडल्याचा टपटप आवाज आणि माझ्या कानशीची खरखर. मधूनच ती म्हणायची, "रंगा, लोखंडाची पूड दाण्यात उडवू नकोस रे, साकु आता, बास कर." मी थोडा सरकून बसायचो आणि घासत राहायचो.

घासलेला सिलिंडर बसवला आणि गाडी काय पळाली म्हणून सांगू! कृष्णराजनगरला शिवण्णा म्हणून एक गॅरेजवाले होते. तिकडं भातशेती, पाण्याचे पंप, भाताची पोती वाहणाऱ्या गाड्या, काम भरपूर. त्यांनी गाडी चालवून बघितली आणि म्हणाले, "शेडची अर्धी बाजू तुझी. ये." मी उडतच घरी आलो. अण्णा एका कोटाच्या कॉलरला कच्चा दोरा घालत होते.

"अण्णा, गाडीची ताकद वाढली. मी वाढवली."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बसल्यावर कळतं."

"किती वाढली?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे किती इंच?" तोंडातली सुई न काढता अण्णा बोलले. शेजारी बसलेलं गिऱ्हाईक हसलं. माझे कान तापले.

"ताकद इंचात मोजत नाहीत."

"मग कशात मोजतात ते शोध. गिऱ्हाईकपण येऊन म्हणतं, मेष्ट्रे, मी बारीक झालो. आपण त्याच्या बोलण्यावर कापड कापतो काय?" त्यांनी सुई काढून उशीत खोचली. "माप आण. वाढलेली दिसली तर जा कृष्णराजनगरला, मी आडवा येणार नाही. नाही दिसली तर गाडी ज्याला हवी त्याला देऊन टाकायची आणि माझ्या शेजारी कोटाला बसायचं. मग परत गॅरेजचं नाव या घरात नको."

"सरी, कबूल," मी म्हणालो. विचार केला नाही. विचार करून बोलायची सवय मला अजून लागलेली नाही.

आई आतून ओरडली, "एकाच ताग्यातले दोन तुकडे! बापाला फाडायची घाई, मुलाला उसवायची!"

समोरच्या घरात माडीवर नागराज राहायचा. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, माझ्यापेक्षा थोडाच मोठा. परदेशातल्या काकांनी त्याला एक कॉम्प्युटर पाठवला होता. कॉम्प्युटर म्हणजे आताच्यासारखा नाही. काळ्या डब्यावर बटणं, त्याची वायर टीव्हीला, आणि प्रोग्राम साठवायला गाण्याची असते तसली कॅसेट. बंद केला की सगळं विसरायचा. गल्लीतले लोक त्याला नागराजचं खेळणं म्हणायचे. मी त्याला अडचण सांगितली तेव्हा तो खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागला. तो कन्नड बोलायचा, मी इथं मराठीत लिहितो.

"अरे, हे जमेल! तुझ्या इंजिनात एका फेरीला एक ठिणगी पडते, अल्वा, बरोबर ना? प्लगच्या वायरीवर मी एक तार गुंडाळतो. ती तार टेपरेकॉर्डरला. प्रत्येक ठिणगी कॅसेटवर टक् अशी उमटेल. तू एकाच गिअरमध्ये हळूपासून जोरात गाडी ने. टकटक जवळजवळ येत जाईल. ती कॅसेट मी कॉम्प्युटरला ऐकवतो. गाडी किती लवकर वेग घेते ते त्यावरून कळेल. गाडीचं आणि तुझं वजन दे, चाकाचा घेर दे, बाकी गणित तो करेल."

"आणि ताकद सांगेल?"

"दोन गोष्टी सांगेल. टॉर्क आणि हॉर्सपॉवर."

मला दोन्हीत फरक कळेना. त्यानं कागदावर काहीतरी काढलं, ते मला समजलं नाही आणि मी समजल्यासारखी मानही हलवली नाही. मग तो म्हणाला, "तुमचं पायानं चालवायचं मशीन. जाड कापड आलं की पायाला जोर लागतो, तो जोर म्हणजे टॉर्क. आणि तोच जोर ठेवून पाय किती भराभर मारतोस, ते दोन्ही मिळून हॉर्सपॉवर." मी म्हटलं, मग असं आधी सांगायचं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. आता माझ्याच नातीच्या फोनमध्ये गाडीची ताकद दाखवणारं काहीतरी आहे. फोन हँडलला अडकवायचा, आकडा येतो. आकडा कुठून आला हे तिला विचारलं तर खांदे उडवते. आम्हाला आमचा आकडा कुठून आला हे माहीत होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

आधी जुना, कंपनीचा सिलिंडर बसवून मोजायचं ठरलं, मग घासलेला. अण्णांना माझ्या मापावर भरवसा नव्हता. "ज्याचा फायदा त्यानं माप घ्यायचं नाही," म्हणाले, आणि दुकान बंद करून स्वतः आले. अण्णांनी दुकान बंद केलेलं मी कधी बघितलं नव्हतं. लाकडाच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर गाडीचं वजन केलं, माझं केलं. मग गाडी स्टँडवर लावली आणि अण्णा मागच्या चाकासमोर उकिडवे बसले. गळ्यातला टेप काढला, चाकाभोवती फिरवला, नीट जुळवला आणि आकडा बोलले. नागराजनं आकडा हातावर लिहून घेतला. टेपरेकॉर्डरसाठी आईनं बँडच्या लाल कापडाची एक पिशवी शिवून दिली होती, पट्ट्यांनी छातीला बांधायची. ती बांधून मी एच. डी. कोट्याच्या रस्त्यावर एका सपाट पट्ट्यावर गाडी पळवली, एकदा इकडून, एकदा तिकडून, वाऱ्याचा हिशेब बरोबर यावा म्हणून. रस्त्याकडेला म्हशी घेऊन बसलेला एक म्हातारा ओरडला, "काय रे, बँड कुठं राहिला?"

नागराजच्या माडीवर टीव्हीसमोर आम्ही चटईवर बसलो. कॅसेट चालू झाली, किर्रर्र असा आवाज आला, आणि बऱ्याच वेळानं पडद्यावर एकेक ठिपका उमटायला लागला, डावीकडं हळू गाडीची ताकद, उजवीकडं भरधाव गाडीची. ठिपके वर चढले, गोल वळले आणि खाली उतरले. अण्णा पुढं वाकून बघत होते.

"हा तर बाहीचा मुंढा आहे," ते म्हणाले.

खरंच तसा होता. बाही खांद्याला जोडतो तिथली गोलाई. माझ्या गाडीच्या आत असलं काहीतरी होतं, आणि ते आम्हा दोघांना ओळखीचं वाटलं. अण्णा हसले नाहीत, पण चटईवरून लवकर उठलेही नाहीत.

पुढच्या रविवारी घासलेला सिलिंडर. त्या दिवशी अण्णांना एका बँडच्या कपड्यांची घाई होती. नागराजच्या हातावरचा आकडा अर्थातच धुऊन गेला होता, आणि पुन्हा माप घ्यायला अण्णांना बोलवायचं त्याला बरं वाटेना. त्यानं टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली, चाक एक फेरी पुढं ढकललं आणि जमिनीवर लांबी मोजली. पुन्हा तोच रस्ता, पुन्हा लाल पिशवी. गाडी माझ्या मांड्यांखाली अशी सुटली की मनात मी कृष्णराजनगरला पोचलोसुद्धा.

संध्याकाळी ठिपके उमटले. गोलाई डावीकडं चांगलीच खाली बसली होती. आणि उजवीकडं, जिथं मला वाटत होतं आकाशाला टेकेल, तिथं जुन्याच्या जवळपास, किंचित खालीच. नागराजनं दोनदा कॅसेट लावली. तेच.

अण्णा म्हणाले, "इतके दिवस कानस मारून काय मिळवलंस?"

"हे खेळणं चुकतंय."

"मागच्या वेळी बरोबर होतं, आज चुकतंय? तुला पाहिजे तसं आलं की बरोबर?" ते जिन्यावरून उतरताना थांबले. "उद्यापासून कोट."

मी बसलो. शब्द दिला होता. लाल कापड, सोनेरी झालर, अण्णांच्या शेजारचं मशीन. गाडी बघायला दोन माणसं येऊन गेली. मी त्यांच्याशी एवढं वाकडं बोललो की दोघंही परत आले नाहीत. रोज रात्री मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि अवरेचं सारू पुढं यायचं, वाडग्यातून तो हिरवट वास यायचा, जो मला एरवी वेड लावतो, आणि मी न चावता गिळायचो. मुद्दे तसाही न चावताच गिळतात, पण त्यात फरक असतो, तो आईला कळायचा.

एक दिवस ती देव्हाऱ्यासमोर पडदा बांधत होती. नवा पडदा, अण्णांनी शिवलेला. तो एवढा रुंद झाला होता की चुण्या पडून देवच दिसेना. "बघ," ती म्हणाली, "विठोबाला काय ताशा वाजवायचाय? त्याच्या देव्हाऱ्यालाही यांनी श्वास घ्यायला जागा ठेवली! या माणसाची बोटं टेपच्या आत गेल्याशिवाय राहतच नाहीत."

मी हातातलं कापड खाली टाकलं. मला चाकासमोर उकिडवे बसलेले अण्णा दिसले. त्यांचा डावा हात. टायर आणि टेप यांच्यामध्ये चार बोटं, आणि ती मी बघितली होती, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण टेप तसाच धरतात. दुसरं कुणी असतं, गवंडी असता, सुतार असता, तर लगेच ओरडला असता. आम्ही शिंपी. पहिल्या वेळी चाक होतं त्यापेक्षा मोठं मोजलं गेलं, तेवढ्याच ठिणग्यांत गाडी जास्त लांब पळाली असं गणितानं धरलं, म्हणून जुन्या सिलिंडरची ताकद होती त्यापेक्षा जास्त दिसली.

आमच्या दुकानात एक रीत होती. उस्तादानं घेतलेल्या मापाला कुणी हात लावत नाही. कोट बिघडला तर कापड आटलं म्हणायचं, गिऱ्हाईक सुटलं म्हणायचं, माप चुकलं म्हणायचं नाही. मला माहीत होतं. तरी मी तसाच दुकानात गेलो. समोर ढोलवाला दोन्ही हात पसरून उभा होता आणि अण्णांची बोटं त्याच्या छातीवर टेपच्या आत होती.

"अण्णा, तुम्ही चाकाला बोटं घातली होतीत."

सगळी मशीनं थांबली. ढोलवाल्याला काही कळलं नाही, तो तसाच फुगून उभा राहिला.

"काय?"

"टायरला. अशी. आता घातलीत तशी. चाक फुगत नाही, अण्णा. चाकाला श्वास लागत नाही."

अण्णांचा चेहरा पांढरा झाला. मी पुष्कळ वेळा त्यांना रागावलेलं बघितलं होतं, हे तसं नव्हतं. त्यांनी ढोलवाल्याला "सोडा श्वास" म्हटलं, टेप गळ्यात टाकला आणि मागच्या अंगणात गेले. मी मागोमाग. ते चाकासमोर बसले. टेप फिरवला, बोटं आपोआप आत गेली. त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला. मग बोटं एकेक करून बाहेर काढली, टेप टायरला चिकटवला, परत वाचला. बराच वेळ तो टेप त्यांनी तसाच धरून ठेवला. आई दारात येऊन उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला होता, हसू दाबायला की काय, मला ठाऊक नाही.

"नागराजला बोलव," अण्णा म्हणाले. "त्याची कॅसेट आहे ना अजून?"

कॅसेट होती, हीच त्या खेळण्याची खुबी. पहिल्या दिवशी पळालेली गाडी त्या फितीत तशीच पळत होती, फक्त घेर नवा द्यायचा होता. आकडा सांगायला अण्णांनी मला पुढं केलं नाही, स्वतः सांगितला, बोटं काढलेला. "हा धर. आधीचा माझा चुकीचा," असं नागराजला स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाले. माझ्या आयुष्यात मी हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं.

नागराजनं पहिल्या गोलाईचे ठिपके पडद्यावरच पेनानं टिपून ठेवले आणि त्यावर दुसरी आणली. आता उजवीकडं माझा घासलेला सिलिंडर वर होता. थोडाथोडका नाही, शाळेत न गेलेल्यालाही दिसेल एवढा वर. मी ओरडलो. नागराज माझ्या पाठीवर थाप मारून हसत होता.

अण्णांनी बोट डावीकडं ठेवलं. "आणि हे खालचं काय?"

"ते तसंच आहे, मेष्ट्रे," नागराज म्हणाला. "हळू चालताना त्याचा सिलिंडर कमी ओढतो. भोक वर नेलं की वरची ताकद वाढते, खालची ओढ जाते. दोन्ही मिळत नाही."

"म्हणजे पळते जास्त, ओढते कमी."

"हो."

अण्णा माझ्याकडं वळले. मी तयारच होतो. म्हणतील, पोती वाहणाऱ्या गावात निघालास, ओढ घालवून निघालास. म्हणायला त्यांना जागा होती, आणि दुकानात चारचौघांत मी त्यांना जे बोललो ते फेडायलाही. त्यांनी फक्त विचारलं, "ठरलं काय होतं? ताकद ना?"

"हो."

"वाढलीय. जा."

निघायच्या सकाळी ट्रंक टाकीवर घेतली. अण्णा म्हणाले, गावाबाहेरपर्यंत येतो, वळकटी धरून मागं बसतो. आईनं दह्याची वाटी पुढं केली आणि माझ्याकडं न बघता आत गेली. सिलिंडर घासलेलाच होता. दुसरा बसवा असं कुणी म्हणालं असतं तरी मी बसवला नसता. गाव संपताना एक चढ आहे. पुढं उसाची बैलगाडी निघाली, मला वेग सोडावा लागला, आणि एकदा सोडल्यावर गाडीनं दम टाकला. मी मूठ पिळली, गिअर खाली घेतला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बैल शांतपणे पुढं निघून गेले.

मी मागं बघितलं नाही. मला वाटलं आता येईल ते वाक्य. पण सीट हलकी झाली. अण्णा उतरले होते. वळकटी खांद्यावर घेऊन ते चढ चढायला लागले, धोतराचा सोगा एका हातात, मान खाली, बैलगाडीच्या मागोमाग. मी किक मारली, एकट्याला घेऊन गाडी चढली, आणि माथ्यावर जाऊन मी थांबलो. ते आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी वळकटी मागच्या सीटवर ठेवली, दोरी दोनदा फिरवली, गाठ मारली, आणि आत बोट जातंय का ते बघून आणखी आवळली.

"इथून पुढं सपाट आहे," ते म्हणाले, आणि चढ उतरायला लागले.